पिवळ्या रेघेतलं

नकाशात पाडायचं ते पिवळं,
बांधायचं ते लाल,
पाणी निळं, गटाराला तुटक रेघ.
बावीस वर्षं परभणीत हेच करतेय,
आधी ट्रेसिंग पेपरवर वाकून,
आता माऊसवर.

जुन्या जिनिंगची पावणेतीन एकर
एका शनिवारी जेवणाआधी पिवळी केली.
बॉयलर. गासड्यांचं गोदाम. तोलकाटा.
सरकी पडायची तो ओटा.
आणि भिंतीला बाहेरून चिकटलेली
पत्र्याची सात दुकानं.
चिमणीवर आले तर तोष्णीवाल शेठ म्हणाले,
"ती राहू द्या मॅडम, एलिव्हेशनला चांगली दिसंल."
चिमणी काळी ठेवली.

मग लाल.
खाली दुकानं, पहिल्यावर दवाखाने न् एक कोचिंग क्लास,
वर पाच मजले टू बीएचके,
गच्चीत पोहायचा तलाव,
जिथं नळ दहाव्या दिवशी येतो त्या गावात.
तलाव मी निळा काढला.
रंगाला कुठं टँकर लागतो.

नाव ठेवलं कॉटन काउंटी.

सातातलं चौथं दुकान खाजामिया नद्दाफचं.
शेठनं सातही जणांना गाळे लिहून दिले,
आणि दिलेही, खोटं कशाला बोलू.
खाजामिया टेबलापाशी आला होता तेव्हा.
"मी कुठाय ह्यात?"
"हे बघा, एस-चौदा. दहा बाय बारा,
शटर, मीटर, वर पोटमाळा."
त्यानं गाळ्यावर बोट ठेवलं.
गाळा बोटाखाली पूर्ण झाकला.
"बराय," म्हणाला.

पिंजण त्याच्या उंचीएवढी.
पत्र्यात ती आढ्याच्या बांबूला लोंबायची,
तो एका हातानं सावरायचा,
दुसऱ्यानं ठोका, आणि कापूस
आपणहून उठायचा.
एस-चौदात पोटमाळा सात फुटांवर,
खाली पीओपी, पीओपीत चार दिवे,
हूक कुठंच नाही.
पहिल्याच दिवशी टोक काचेला लागलं.
"बसंना ह्यात," एवढंच बोलला,
तक्रार नव्हती ती, माप होतं.

मी मोजलं होतं शटर, जिन्याची पायरी,
अग्निशमनच्या गाडीला वळायची त्रिज्या.
कुणाच्या हातात काय असतं
त्याची लांबी कुठल्या रकान्यात भरतात
मला कुणी शिकवलं नाही. मीही विचारलं नाही.

वर्षभर त्यानं फोमच्या गाद्या विकल्या.
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, उभ्या.
"फोममधी, मॅडम, हात घालता येत न्हाई."

चारशेदोन माझा आहे. वीस वर्षांचा हप्ता.
पार्किंग पी-नऊ, चारचाकीचं,
त्यात माझी एक स्कूटी, एका कोपऱ्यात, लाजल्यासारखी.
दिवाळीनंतर थंडी पडली न् मी खाली गेले,
बीमला एक हूक ठोकून घेतला,
म्हटलं, मंगळवार-शुक्रवार तुमचे.

आता लिफ्टच्या खोबणीतून तो आवाज चढतो,
टुंग... टणत्... टुंग...
तिसऱ्या मजल्यावरच्या लोहियांनी अर्ज दिलाय
की गाड्यांवर रुई बसते.
बसते. खरंय.
त्यांच्याच सूनबाई काल दोन जुन्या रजया घेऊन
जिन्यानं उतरल्या, लिफ्टनं नाही,
आणि मला बघून म्हणाल्या, कचऱ्यात टाकायला चाललेय.

पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी
जसं बांधलं तसा नकाशा मागितलाय मनपानं.
रात्री बसले. तळमजला उघडला.
पी-नऊच्या चौकोनात
साडेपाच फुटांची एक रेघ ओढली,
किंचित वाकडी.
रंग कोणता, ते नाही सांगत.
विचारलंच कुणी,
तर एक्स्पान्शन जॉइंट आहे म्हणेन.